पारखून घेतलेली बॅग

"पंचेचाळीस लिटर म्हणजे काय?" निरीक्षकांनी बॅगेला लटकवलेलं लेबल हातात धरून विचारलं. "बॅगेत मी दूध नेणार आहे का?"

काउंटरवरच्या ताई आधी हसल्या. पण समोरचा माणूस हसत नाही हे पाहून त्याही गंभीर झाल्या. "बॅगा अशाच मोजतात, काका. आतली जागा लिटरमध्ये सांगतात."

"कुणी मोजली? तुम्ही मोजलीत?"

"कंपनीनं मोजली असेल."

"असेल," निरीक्षक बायकोकडे वळून म्हणाले. "ऐकलंस? असेल म्हणे."

बायकोनं ऐकलं होतं. गेले कित्येक दिवस ती हेच ऐकत होती. निरीक्षकांची सगळी नोकरी वजनमापं खात्यात गेली होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोखंड आणि तळ आत ठोकलेली मापं पकडता पकडता त्यांचा स्वभावच तसा झाला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी जगात कोणीतरी कुठेतरी माप मारतंय हा संशय काही निवृत्त झाला नव्हता. गल्लीतले दुकानदार अजूनही त्यांना 'निरीक्षक' म्हणत आणि ते येताना दिसले की उगाच फडका घेऊन काटा पुसत.

निरीक्षकांना बॅग हवी होती ती मुलीकडे जायला. मुलगी लांब एका बंदराच्या गावी राहत होती. आधी बस, मग डोंगरातली थंडी खात जाणारी गाडी, शेवटी बोट. तिकडे मुक्कामही चांगला दोन महिन्यांचा. मुलीला बाळ झालं होतं आणि आजीनं अख्खा हिवाळा खपून त्याच्यासाठी टोपडी, पायमोजे आणि एक पिवळा स्वेटर विणून ठेवला होता. बाळ मात्र थांबायला तयार नव्हतं, ते वाढत होतं. इकडे बॅग काही ठरत नव्हती.

निरीक्षकांचं म्हणणं साधं होतं. एकच बॅग घ्यायची, पण तिनं सगळं केलं पाहिजे. सपाट जागी चाकांवर पळली पाहिजे, जिन्यात पाठीवर चढली पाहिजे, बोटीत खांद्याला लटकली पाहिजे. थंडीतले कोट तिच्यात मावले पाहिजेत आणि ते अंगात घातले की तिनं आकसलं पाहिजे. अशी बॅग शोधत त्यांनी गावातली सगळी दुकानं पालथी घातली होती. एकीची चाकं कुरकुरत होती. एकीची चेन कोपऱ्यात अडत होती. एका दुकानात तर त्यांनी बॅग पाठीवर घेऊन जिना चढून दाखवला आणि वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

ही निळी बॅग मात्र त्यांच्या मागण्यांत बसत होती. त्यामुळेच त्यांचा संशय वाढला होता.

"उद्या येतो," ते ताईंना म्हणाले. "सामान घेऊन येतो. मावतं का बघू. तुमचे लिटर तुमच्याजवळ ठेवा."

दुसऱ्या दिवशी ते खरंच सामान घेऊन निघाले. दोघांचे कोट, कपडे, चपलांचा जोड, दाढीचं सामान आणि बाळाचं सगळं विणकाम त्यांनी चादरीत बांधलं आणि ते गाठोडं खांद्यावर टाकलं.

"अहो, बाळाचे कपडे कशाला?" बायको म्हणाली. "ते राहू देत घरी."

"अर्धवट तपासणी मी जन्मात केली नाही."

दुकानात त्यांनी गाठोडं जमिनीवर सोडलं तेव्हा बायकोला धरणी दुभंगावी असं झालं. चारचौघांसमोर तिच्या फ्लॅनेलच्या परकराची घडी पडली होती. तेवढ्यात मुलीचा फोन आला, म्हणून सुटल्यासारखी ती बाहेर फुटपाथवर गेली.

निरीक्षकांनी बॅगेतले फुगवटा देणारे कागदाचे बोळे काढले आणि एकेक वस्तू भरायला घेतली. भोवती गिऱ्हाइकं जमली. कोट आत गेले. कपडे गेले. चपला बाजूच्या कप्प्यात गेल्या. विणकाम वरच्या जाळीत बसलं आणि चेन एका ओढीत लागली. निरीक्षकांनी बॅग उचलून आपटली, पाठीवर घेतली, फरशीवरून इकडून तिकडे ढकलली. ती लोण्यासारखी पळाली. तक्रारीला जागाच नाही हे पाहून त्यांना फार चीड आली.

"कशी आहे हो?" नुकत्याच दुकानात शिरलेल्या एका उंच गृहस्थांनी विचारलं. "मी फुटबॉलचा पंच. आज दुपारच्या बसनं निघायचंय, महिनाभर गावोगाव सामने आहेत. चालेल का अशी?"

आयुष्यात निरीक्षकांना असं मत फार थोड्यांनी मनापासून विचारलं होतं. त्यांची छाती फुगली. "डोळे मिटून घ्या," ते म्हणाले. "मी स्वतः पारखली आहे. हिच्यात खोट निघाली तर मला येऊन विचारा."

एवढं बोलून ते मालकाच्या केबिनमध्ये गेले. बॅगेला दोन वर्षांची हमी होती आणि हमी दोनच वर्षांची का, याचा जाब त्यांना मालकाला विचारायचा होता. हा जाब बराच लांबला. बाहेर आले तेव्हा फरशीवर रिकामी चादर आणि कागदाचे बोळे होते.

"बॅग कुठंय?"

"विकली ना," ताई म्हणाल्या. "ते उंच साहेब घेऊन गेले. तुम्हीच तर म्हणालात त्यांना, डोळे मिटून घ्या."

"अहो, तिच्यात माझं सामान होतं."

ताईंचा चेहरा उतरला. "मी तेव्हा आतून बिलाचे कागद आणायला गेले होते. मला वाटलं, तुम्ही काढलं असेल सामान. त्यांनी हँडल धरलं आणि ओढत नेली. चाकांवर वजन कळलंच नसेल त्यांना."

"चाकं चांगली आहेत," निरीक्षक कसनुसे म्हणाले.

तेवढ्यात बायको फोन संपवून आत आली. काय झालं ते कळल्यावर ती एकच वाक्य बोलली, "बाळाचा स्वेटर त्यातच आहे," आणि मटकन स्टुलावर बसली. निरीक्षकांना तिनं आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. आता त्यांना स्वतःलाच करावा लागला. त्यांनी ताईंना झापलं, मालकाला झापलं, बघायला थांबलेल्या गिऱ्हाइकांना झापलं. मग बायकोनं आपला फोन नंबर ताईंना दिला, निरीक्षकांच्या दंडाला धरलं आणि दोघं टॅक्सी करून बसस्थानकाकडे निघाली.

बसस्थानकावर निळ्या बॅगा पोत्यानं होत्या. त्या मोसमात सगळ्यांनी निळ्याच बॅगा घेतल्या होत्या की काय कोण जाणे. निरीक्षक रांगेतून वाकून वाकून बघत चालले आणि एका बाकाशेजारी त्यांना हवी तीच दिसली. तीच चाकं, तोच बाजूचा कप्पा. बॅगेचा मालक जवळपास दिसत नव्हता. त्यांनी चेनला हात घातला.

चहा घेऊन परतलेल्या बाईंनी गार्डला बोलावलं.

"बॅग तुमची आहे का?" गार्डनं निरीक्षकांना विचारलं.

"नाही."

"मग उघडत का होतात?"

"बॅग त्या पंचांची आहे. आतलं सामान माझं आहे."

"बॅग माझी आहे," बाई म्हणाल्या. "आणि सामानही माझंच आहे."

"पंच कुठे आहेत?"

"तेच तर शोधतोय मी."

गार्डनं त्यांना नीट न्याहाळलं. "काका, तुमच्याकडे बॅगेची पावती आहे का?"

"पावती पंचांकडे आहे. मी बॅग विकत घेतलेलीच नाही. मी फक्त भरली होती."

"दुसऱ्याची बॅग तुम्ही का भरलीत?"

"तेव्हा ती दुसऱ्याची नव्हती. कुणाचीच नव्हती."

"म्हणजे बेवारस होती," गार्ड म्हणाला आणि 'बेवारस बॅग' या शब्दांवर आजूबाजूचे दहा-बारा लोक पटापट उठून लांब जाऊन उभे राहिले. आयुष्यभर लोकांच्या दुकानात शिरून 'हे उघडा, ते दाखवा' म्हणणाऱ्या निरीक्षकांना गार्डनं खिसे उलटे करून दाखवायला लावले. अपमानानं त्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "मी सरकारी अधिकारी होतो," ते म्हणाले. "असे बरेच येतात," गार्ड म्हणाला.

बायकोनं बाईंची माफी मागितली, गार्डला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि तिचं सांगून होतंय तोच फोन वाजला. दुकानातल्या ताई बोलत होत्या. "काकू, ते साहेब इथे आलेत. फार चिडलेत. लवकर या."

पंच बॅग घेऊन बसस्थानकावर गेलेच नव्हते. आधी ते घरी गेले होते. गणवेश आणि बूट भरायला बॅग उघडली तर वरच पिवळा स्वेटर आणि खाली फ्लॅनेलचा परकर. आपल्याला वापरलेली बॅग विकली या संतापानं ते तडक दुकानात परतले होते, आणि तिथे भांडता भांडता त्यांची बस चुकली होती.

"हेच ते," निरीक्षक आत शिरताच पंच म्हणाले. "ह्यांनीच शब्द दिला मला. खोट निघाली तर येऊन विचारा म्हणाले. आता विचारतो. माझ्या बसचं काय?"

"माझं सामान पळवलंत आणि वर मलाच विचारताय?"

"पळवलं? मी पैसे मोजलेत."

"बॅगेचे मोजलेत. माझ्या कोटाचे नाही."

"तुमचा कोट मला फुकट दिलात तरी नको."

"का? काय वाईट आहे त्यात?"

दोघांनाही आयुष्यात उलट ऐकून घ्यायची सवय नव्हती. एकानं शिट्टी मारली की बावीस माणसं थांबत, दुसरा दारात आला की बाजार थांबे. आता दोघं एकमेकांना थांबवत होते आणि कोणीच थांबत नव्हतं. मालकानं पंचांना दुसरी कोणतीही बॅग घ्या म्हणून सांगितलं. पंचांनी हाताशी आली ती करडी बॅग उचलली, एकदाही उघडून पाहिली नाही, आणि उद्याच्या बसचं तिकीट काढायला निघून गेले.

"बघितलंत?" निरीक्षक मालकाला म्हणाले. "अशा गिऱ्हाइकांमुळे तुमची चैन होते. आता ह्या निळ्या बॅगेचं बोला. ती एका घरी जाऊन आलेली आहे. म्हणजे वापरलेली झाली. वापरलेली म्हणून लेबल लावा, मग मी घ्यायची की नाही ते ठरवीन."

"एका तासात काय वापरली, काका?"

"तास असो की वर्ष. वापर तो वापर."

हा वाद चांगला रंगात आला असताना ताई हळूच म्हणाल्या, "पण ती आता विकली गेली."

निरीक्षक गर्रकन वळले. "पुन्हा? आता कुणी घेतली?"

"मी घेतली," मागून बायको म्हणाली.

ती बॅगेशेजारी स्टुलावर बसली होती. चेन बंद होती. निरीक्षकांचा कोट, कपडे, चपला आणि दाढीचं सामान ताईंनी दुकानाच्या दोन मोठ्या कागदी पिशव्यांत नीट भरून ठेवलं होतं.

"हे काय?"

"माझी बॅग झाली. बाळाचं आणि माझं सामान त्यात बसलं. उद्याच्या बसनं मी निघते. तुम्ही तुमची बॅग सावकाश बघा. मनासारखी मिळाली की या."

"अगं, तू एकटी जाणार? दोन ठिकाणी गाडी बदलायची आहे."

"बॅगेला चाकं आहेत. तुम्हीच तर पारखलीत."

निरीक्षकांनी मालकाकडे पाहिलं. मालक काउंटर पुसत होता. ताईंकडे पाहिलं, त्या कागदाचे बोळे दुसऱ्या बॅगेत भरत होत्या. एवढ्या मोठ्या दुकानात रागवायला एकही माणूस उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बस सुटायच्या बेतात असताना निरीक्षक दोन्ही हातांत दोन कागदी पिशव्या घेऊन धापा टाकत चढले. पुढच्या बाकावर बसलेल्या पंचांकडे त्यांनी पाहिलंच नाही. एका पिशवीचा बंद वाटेत तुटला होता, म्हणून ती त्यांनी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली होती. बायकोनं खिडकीकडे सरकून जागा करून दिली.

"हे तात्पुरतं आहे," ते बसत म्हणाले.

"बरं."

बस गावाबाहेर पडली. निरीक्षकांनी सीट मागे जात नसल्याबद्दल, पडदा पुरत नसल्याबद्दल आणि कंडक्टर बोलायला धड नसल्याबद्दल नापसंती दाखवली. मग पिशवीच्या तुटलेल्या बंदाला त्यांनी गाठ मारून पाहिली.

"बाळ कुणासारखं आहे म्हणाली ती?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"तुमच्यासारखं. जागं असलं की कपाळाला आठ्या, आणि सारखं चिडलेलं असतं म्हणाली."

निरीक्षकांनी मांडीवरची पिशवी सावरली.

"त्याला नीट झोपू देत नसतील," ते म्हणाले. "कुणीही चिडेल."