शकुताईंची भट्टी

शकुताई कुणाकडेही गेल्या की चहा ओतायच्या आधी रिकामा कप मागून घेतात. कपाला टिचकी मारतात आणि कान जवळ नेऊन ऐकतात. कप टण्‌कन वाजला तर चहा पितात. थड् वाजला तर कप परत देऊन सांगतात, "याले तडा हाय. दिसत नाही, पण हाय. दुसरा आण." चहा कसा झाला होता, यावर त्यांनी आजवर कधी मत दिलेलं मला आठवत नाही.

जैनथला एका लग्नात त्या जेवणाच्या मांडवामागे जाऊन बसल्या आणि केटररच्या टपातली प्लेट न् प्लेट वाजवून पाहू लागल्या. तडकलेल्या एकीकडे, धड दुसरीकडे. नवरदेवाच्या मामाला वाटलं, ही केटररचीच बाई. त्यानं हुकूम सोडला, "ओ बाई, पाणी आणा इकडं!" शकुताई उठल्या, जग भरून आणला, मामाला पाणी वाढलं आणि पुन्हा टपापाशी येऊन बसल्या. मामाच्या नात्यातली निम्मी मुलं त्यांच्याकडे शिकलेली होती, हे त्याला जेवणं झाल्यावर कळलं. तो पाया पडायला आला तेव्हा त्यांनी त्याच्या हातातली प्लेट वाजवली.

त्या आदिलाबादच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, मीही त्यांच्या हाताखाली होतो. रसायनशास्त्रात नापास झालो आणि आमच्या गावी, बेल्यात, वडिलांच्या किराणा दुकानात बसलो, पण सुटका झाली नाही. निवृत्त होऊन त्या बेल्यात आल्या, त्या नेमक्या आमच्या शेजारी. आता तुरटी घ्यायला आल्या तरी विचारतात, "हिचं सूत्र सांग." मागे गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं. मी म्हणतो, ताई, घरी येऊन सांगतो. त्या म्हणतात, "तू घरी येऊनबी सांगणार नाहीस, मले माहीत हाय."

त्यांचा आवडता शब्द 'वाळू दे'. ओलं भांडं भट्टीत घातलं की फुटतं, एवढ्या एका अनुभवावर त्यांनी सगळ्या गावाचे प्रश्न सोडवले आहेत. कुणी मुलीचं लग्न घाईनं ठरवायला निघालं की "वाळू दे." भावाशी भांडून कुणी वेगळं व्हायला निघालं की "वाळू दे." माझ्या साडूच्या मोडलेल्या पायाचं प्लास्टर काढायचं होतं, तेव्हाही त्या दारातून तेच ओरडल्या होत्या, आणि डॉक्टरनं खरंच आणखी पंधरवडा ठेवायला सांगितलं.

भट्टीचं वेड त्यांना निवृत्तीनंतर लागलं. कुठल्याशा शहरात भाचीकडे गेल्या होत्या. तिथे चिनी मातीची भांडी करणारी काही तरुण मुलं भेटली. शिकलेली, हातात कला, पण चाक ठेवायला जागा नाही. गच्चीवर भट्टी पेटवली तर खालच्या मजल्यावरचे लोक पोलिसांना फोन करतात. शकुताई परत आल्या त्या हेच बोलत. "माह्या बाचं कापसाचं गोदाम रिकामं पडून हाय. जाळाले पऱ्हाटी हाय. शेजारी तू हायेस, आन् तुह्यात पोलिसाले फोन करायची हिंमत नाही. मंग अजून काय पायजे?"

मला वाटलं, बोलून गप्प बसतील. पण वर्षाच्या आत गोदामात चाकं आली. माडीवर पाहुण्यांसाठी दोन खोल्या झाल्या. परसात विटांची भट्टी उभी राहिली, तीसुद्धा आमच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर चालणारी. तिच्यात एवढा जाळ होतो की आतली माती दगडासारखी होते. मग दरवर्षी कापूस निघाला की दूरदूरचे कलावंत महिना-दीड महिना राहायला येऊ लागले. राहणं, जेवण, चाक, भट्टी, सगळं शकुताईंचं. अट एकच, दोन्ही वेळ जेवायला सगळ्यांनी एकत्र बसायचं. गावानं त्यांना नाव दिलं, मातीवाले पाव्हणे.

गोदामावर त्यांनी मोठ्या अक्षरात 'स्टुडिओ' रंगवून घेतलं. दुसऱ्याच दिवशी जवळच्या खेड्यातलं एक कुटुंब मोटरसायकलवर आलं, डोक्याला तेल, तोंडाला पावडर. रेशनकार्डासाठी फोटो काढायचा होता. शकुताईंनी त्यांना परत पाठवलं नाही. हात धुवायला लावले, प्रत्येकासमोर मातीचा गोळा ठेवला आणि दिवस मावळेपर्यंत वाट्या करायला शिकवल्या. पुढे त्या वाट्या भाजून घरपोच दिल्या. त्यातला म्हातारा अजूनही दुकानात आला की विचारतो, "फोटोवाल्या मॅडम बऱ्या हायेत न?"

भट्टीजवळ मात्र देवधर्म चालत नाही. पहिल्यांदा भट्टी पेटायची होती तेव्हा माझी बायको मंदा हळदकुंकू आणि नारळ घेऊन गेली होती. शकुताई म्हणाल्या, "मंदा, आत ऑक्सिजन पायजे, नारळ नको. घरी ने, चटणी कर." मंदा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चटणी घेऊन गेली.

यंदा सांगलीची गार्गी आली होती. चष्मा लावणारी, हळू बोलणारी पोरगी. भांड्यांसाठी तिनं पुण्यातली नोकरी सोडली होती. वडिलांनी तिला वर्षभराची मुदत दिली होती. हैदराबादच्या एका मोठ्या प्रदर्शनात तिची भांडी निवडली गेली तर पुढचं बोलू, नाहीतर मुकाट्यानं परत ऑफिसात. ते वर्ष होळीला संपत होतं आणि प्रदर्शनाला भांडी त्याच आठवड्यात पोचवायची होती. म्हणजे जे काही व्हायचं ते शकुताईंच्या भट्टीतच.

आणि नेमकं तिथंच शकुताईंनी घोळ घातला. आमची काळी माती कापसाला उत्तम, भांड्याला निकामी. पावसात फुगते आणि उन्हात एवढी फाटते की बैलाचा पाय अडकतो. हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. पण आपल्या बेल्याच्या मातीचं भांडं कुठंतरी मांडलं जावं, हा शकुताईंचा ध्यास. दरवर्षी त्या पाहुण्यांच्या मागे लागतात. बाकीचे हसून टाळतात. गार्गीला टाळता आलं नाही. तिनं आपल्या मातीत ती काळी माती मिसळली, सुरया केल्या, वाडगे केले, मोठाले रांजण केले. सुकताना धड राहिले. भट्टी उघडली तेव्हा एकूण एक तडकलेले.

शकुताईंनी एकेकाला टिचकी मारली. थड्. थड्. थड्. गार्गीनं हात पुसले आणि माडीवर निघून गेली. त्या दिवशी एकत्र जेवणाची अट पहिल्यांदा मोडली, आणि ती शकुताईंनीच मोडली. मंदा ताट घेऊन गेली तर म्हणाल्या, "माह्या हट्टापायी पोरीचं वर्ष गेलं, मंदा. नेऊन ठेव ते ताट."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या मालाच्या गाडीवाल्याला पैनगंगेपलीकडे पाठवून चंद्रपूरकडची पांढरी माती आणवली. गार्गी पुन्हा चाकावर बसली. शकुताई तिच्याशी फार बोलत नव्हत्या. नुसत्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि कुणी आत डोकावलं की हाकलायच्या. हीच ती बाई, जी गावातल्या प्रत्येकाला बोलावून चाक दाखवायची! कुणी "वा, काय हात हाय पोरीचा" म्हणालं की त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. मी ते पाहत होतो, पण मला अर्थ लागला नाही.

भट्टी लावायच्या आदल्या दिवशी त्या दुकानात आल्या. "जाड्या मिठाची थैली दे. मोठी."

"एवढं मीठ कशाला, ताई?"

"लोणचं घालून राह्यली."

"अजून कैरी कुठी आली बाजारात?"

"तू मीठ देतो का मी दुसऱ्या दुकानात जाऊ?"

मी मीठ दिलं. त्यांनी मोहरी आणि लाल मिरच्याही घेतल्या. लोणच्याला मोहरी लागते, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

भट्टी पहाटे पेटली. दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं होतं, मग ताप वाढेना. आत मातीचे छोटे शंकू ठेवलेले असतात. हवा तेवढा ताप झाला की ते मान टाकतात. विटेएवढ्या भोकातून आम्ही पाहत होतो आणि शंकू ताठ उभे. पऱ्हाट्या संपत आल्या. मग कुणी न बोलावता लोक आपापल्या शेतातल्या पऱ्हाट्या बैलगाडीत घालून आणू लागले. जिला ही मंडळी 'मॅडमचं खूळ' म्हणायची, त्या भट्टीला त्यांनी ओळीनं उभं राहून जाळ पुरवला. दिवस कलायला लागला तेव्हा शंकू वाकला. मी भोकातून पाहिलं. आत जाळ दिसतच नव्हता. नुसता पांढरा उजेड होता आणि त्या उजेडात भांडी स्वतःच पेटलेली दिसत होती. मी उभ्या आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले. शकुताई ओरडल्या नाहीत.

गार्गी दमून पऱ्हाट्यांच्या ढिगाला टेकली आणि तशीच झोपली. शकुताईंनी आम्हा सगळ्यांना घरी पिटाळलं. मी खांद्यावरचा दुपट्टा विसरलो म्हणून परत फिरलो आणि कुंपणापाशी थांबलो. शकुताई झोपलेल्या गार्गीसमोर उभ्या होत्या. मूठ मिठानं, मोहरीनं, मिरच्यांनी भरलेली. ती तिच्यावरून फिरवत त्या पुटपुटत होत्या, "आल्यागेल्याची, पाहणाऱ्या-बोलणाऱ्याची, घरच्यादारच्याची..." मग वळून मूठ भट्टीच्या तोंडात टाकली. तडतड झाली. पुन्हा मूठ भरली. गार्गीची झाल्यावर त्यांनी भट्टीतल्या भांड्यांचीही दृष्ट काढायला घेतली. एकेका भांड्याची वेगळी! थैली रिकामी होईपर्यंत बाई थांबल्या नाहीत.

मग मी दिसलो. बाई ओशाळतील असं मला वाटलं. पण त्या वर्गात बोलावं तशा म्हणाल्या, "मिरच्या जळल्या, पण ठसका लागला का तुले? मलेबी नाही लागला. म्हणजे पाह्य, केवढी जबर नजर होती पोरीले!"

एवढ्यात धुराड्यातून पांढराशुभ्र ढग निघाला. पऱ्हाटीचा धूर तसा नसतो. शकुताई त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. जन्मभर जे शिकवलं ते त्यांना आत्ता आठवलं होतं. "सोडियम," त्या म्हणाल्या. "मी आत सोडियम सोडलं, बाप्पा. भांड्यांवर बसंल ते. दुसऱ्यांदा मीच वाटोळं केलं."

भट्टी थंड व्हायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत शकुताईंनी आमच्याकडे येऊन कप न वाजवता चहा प्यायला. मी एवढंच विचारलं, "ताई, तुमी तर नारळबी फोडू देत नाही. मंग हे काऊन?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मले काय माहीत बे. माही माय काढायची माही. तसाच हात फिरला. मी कोणाची काढलीच नव्हती कधी. काढाले कोणी होतं कोठं?"

भट्टी उघडताना त्या मागे उभ्या राहिल्या. गार्गीनं पहिली वीट काढली, दुसरी काढली आणि थांबली. मग सगळ्यात पुढचा वाडगा तिनं दोन्ही हातांनी उजेडात आणला. त्याच्या अंगावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळ्यांची चकाकी आली होती. पिवळसर तपकिरी, आतून ओली वाटणारी. काठाखाली पऱ्हाटीची राख वितळून हिरवी ओघळली होती. एकामागून एक भांडी बाहेर येत गेली.  मंदानं पदर डोक्यावर घेतला, देवळात घेते तसा.

"यात मीठ टाकलं होतं कुणी?" गार्गीनं विचारलं.  "मिठाची झिलई आहे ही. जुन्या काळचे कारागीर मुद्दाम करायचे. मी नुसती पुस्तकात वाचली होती."

"प्रयोग होता," शकुताई म्हणाल्या आणि नाक पुसत घरात गेल्या.

भांडी हैदराबादला निवडली गेली. ते कळल्यावर गार्गीचे वडील फोनवर म्हणाले, पुढचं बोलायला घरी ये. ती निघाली त्या सकाळी माझ्या दुकानात आली आणि मूठभर मीठ मागितलं. मी तिच्याकडे पाहिलं.

"मी जागी होते, काका," ती म्हणाली. "हलले असते तर त्या थांबल्या असत्या."

मी मीठ दिलं, मोहरी, मिरच्या दिल्या आणि दुकान तसंच टाकून तिच्या मागे गेलो. शकुताईंनी आधी आरडाओरडा केला, बस सुटेल, शिकलेल्या पोरीला हे शोभतं का, वगैरे. मग पाटावर बसल्या. गार्गीनं मूठ फिरवायला सुरुवात केली आणि अडली. तिला शब्द येत नव्हते. तेव्हा शकुताई खाली मान घालून स्वतःच्याच दृष्टीचे शब्द तिला सांगू लागल्या. त्या एक म्हणायच्या, पोरगी मागून म्हणायची. आल्यागेल्याची. पाहणाऱ्या-बोलणाऱ्याची.

पुढच्या शब्दाला मात्र त्यांचा आवाज फुटेना. त्या नुसत्या ओठ हलवत राहिल्या.

"घरच्यादारच्याची," गार्गी म्हणाली, आणि मूठ त्यांच्यावरून फिरवली.