सुधारणेस वाव

विद्यापीठाचं ते पत्र येईपर्यंत इंदापूरच्या कॉलेजात कोणता विषय चांगला शिकवला जातो आणि कोणता वाईट, याची चौकशी करण्याची कोणालाही गरज पडली नव्हती. विद्यार्थ्यांना ते ठाऊक होतं. पण विद्यार्थ्यांचं मत विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती, आणि पुढं ती सुरू झाली तेव्हा आलेलं मत वाचण्याची पद्धत पडली नाही.

पत्र सत्तावन्न सालच्या जुलैत आलं. ‘अध्यापन व अभ्यासक्रम सुधार अनुदान योजना’ असं योजनेचं नाव होतं, आणि ज्या विषयाच्या अध्यापनात ‘सुधारणेस पुरेसा वाव’ आढळेल त्या विषयाच्या अध्यापकाला लागेल ती साधनसामग्री देण्याचं विद्यापीठानं योजलं होतं. सारजाबाई काट्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. छबू झाल्यापासून त्या सगळंच दोनदा वाचत. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, एस.टी.चं वेळापत्रक, झोपलेल्या पोरीचा चेहराही.

सारजाबाई फर्स्ट इयर सायन्सला रसायन शिकवीत. कळस गावातून बी.एस्‌सी. झालेलं पहिलं माणूस त्या. कॉलेज भरायचं बाजारपेठेतल्या एका जुन्या अडतीत, आणि त्यातली प्रयोगशाळा म्हणजे पोती रचायची मागची खोली. तिथं बाटल्या होत्या, स्टोव्ह होता, फक्त तराजू नव्हता. तो अप्पा सोनाराच्या दुकानातून उसना यायचा. लग्नसराई लागली की अप्पा तो परत न्यायचा, म्हणून प्रयोगांचं वेळापत्रक सारजाबाई पंचांग समोर ठेवून लावत. गुरुशुक्राचा अस्त असला की रसायनशास्त्राला बरे दिवस यायचे.

हे असंच चाललं असतं. पण सायन्सच्या वर्गाला मान्यता तात्पुरती होती. पुढच्या जूनपर्यंत कॉलेजच्या मालकीचा तराजू दिसला नाही तर वर्ग बंद, असं मान्यता समितीनं कळवलं होतं. वर्गात चोवीस मुलं. तेवीस जणांनी पुण्याला कुठं तरी पथारी टाकली असती. चोविसावी लासुर्ण्याची जयवंता. तिचे वडील गेणूबा कारखान्याचे सभासद, ऊसवाले, बोलायला रोखठोक. पोरगी सकाळी एस.टी.नं जाते नि दिवस मावळायच्या आत घरी येते तोवर तिनं शिकावं, पुण्याचं नाव काढू नये, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सारजाबाईंना तराजू हवा होता तो यासाठी. त्यांनी अर्ज भरला.

अर्जात ‘सध्याची अध्यापनपद्धती’ असा रकाना होता. सारजाबाईंनी खरं ते लिहिलं. त्या वर्गाला गुऱ्हाळावर नेत. रसात भेंडीचं पाणी का घालतात, चुन्याची निवळी पडली की रसाचा आंबटपणा कुठं जातो, चिक्की केव्हा होते आणि गूळ केव्हा, हे पोरांना जन्मापासून दिसत होतं; त्याला आम्ल म्हणतात नि त्याला अल्कली, एवढंच बाई वरून सांगत. पुढच्या रकान्यात निकाल होता. गेल्या वर्षी बावीसपैकी एकवीस उत्तीर्ण. उरलेला एक परीक्षेच्या दिवशी भिगवणच्या जत्रेत कुस्ती धरायला गेला होता.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ‘सदरहू विषयाची निकालपत्रके पाहता अध्यापनात सुधारणेस वाव दिसून येत नाही. सबब अर्ज नामंजूर.’

त्याच टपालानं तर्कशास्त्राचा अर्ज मंजूर होऊन आला. तर्कशास्त्र प्रा. सोपानराव गलांडे शिकवीत, म्हणजे वाचून दाखवीत. स्वतः विद्यार्थी असताना त्यांनी आपल्या गुरूंच्या तोंडून पडलेला शब्द न्‌ शब्द उतरून घेतला होता. त्यात एके ठिकाणी ‘अरे, ती खिडकी लावा कुणीतरी’ असंही होतं. सोपानराव तेही वाचत, आणि शिपाई दत्तोबा दर वर्षी त्या दिवशी उठून खिडकी लावी. चौतीसपैकी दोघं पास झाले होते. ते दोघं वर्गात कधी येत नसत. विद्यापीठानं सोपानरावांना भिंतीवर चित्रं दाखवायचं विजेचं यंत्र दिलं. कॉलेजात वीज नव्हती आणि तर्कशास्त्रात चित्रं नव्हती, त्यामुळं यंत्र बिघडण्याची भीती नव्हती.

सोपानराव माणूस दिलदार. त्यांनी सारजाबाईंना चहा पाजून समजावलं.

“निकाल शून्य, तर वाव शंभर. निकाल शंभर, तर वाव शून्य. यात चुकलं कुठं सांगा. बाई, तुमच्याकडंही वाव होता हो. तुम्ही तो शिकवून संपवलात.”

प्राचार्य रामहरी बोराटे जास्त दुखावले होते. सारजाबाईंनी वरिष्ठांशी विचारविनिमय न करता एवढा निकाल लावायला नको होता, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण ते वाट काढणारे गृहस्थ होते. योजनेखाली जानेवारीत फेरतपासणी होती, आणि तिला आधार धरणार होते सहामाही परीक्षेचा. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. रसायन विषयात एका सहामाहीपुरती ‘नियोजित अवनती’ करण्यात यावी. गुऱ्हाळाच्या भेटी बंद. मराठीतून खुलासा बंद. इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं. शंका आल्यास ‘पुढं येईल’ असं सांगावं. अवनतीचा साप्ताहिक अहवाल दर शनिवारी कचेरीत द्यावा.

सारजाबाई तीन दिवस नीट जेवल्या नाहीत. सासू प्रयागबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी जमेल तसं सांगितलं. प्रयागबाईंना सगळं कळलं असं नाही, पण त्या म्हणाल्या की गोवर निघून गेला की पोर धडधाकट होतं. सारजाबाईंनी ते धरून ठेवलं. एक सहामाही वाईट शिकवायचं, तराजू आणायचा, वर्ग वाचवायचा, मग आहेच पुन्हा आपलं गुऱ्हाळ.

वाईट शिकवणं वाटलं तितकं सोपं निघालं नाही. पहिल्या दिवशी वर्गाकडं पाठ करून त्यांनी दोन पानं वाचली, तर तास सुटल्यावर दत्तोबा दारात उभा.

“बाई, छबूला बरं न्हाय का?”

“बरी आहे की. का?”

“न्हाय, पोरं म्हणत्यात बाईंचं आज चित्त न्हाय. येकजण अंगारा आणतो म्हणला.”

जयवंता रोज हात वर करी. बाई सांगत, पुढं येईल. ती ते वहीत लिहून घेई. महिन्याभरात तिच्या वहीत ‘पुढं येईल’ इतक्या वेळा झालं की तो एखादा धातूचा प्रकार असावा असं पाहणाऱ्याला वाटलं असतं.

पण मग एक गोष्ट अशी झाली, की तिची तरतूद परिपत्रकात नव्हती. गावात बाईंचा मान वाढला.

संस्थेचे अध्यक्ष तात्याबा एक दिवस बोळातून जाताना वर्गाबाहेर दहा मिनिटं उभे राहिले. आतलं त्यांना एक अक्षर कळलं नाही. बैठकीत त्यांनी बाईंचं नाव घेऊन सांगितलं की आपलं कॉलेज आता पुण्याच्या तोडीला आलं. कारखान्यावर हळदीकुंकवाला बाई प्रमुख पाहुण्या झाल्या. आणि दिवाळीच्या तोंडाला गेणूबा शेवग्याच्या शेंगांची मोळी घेऊन घरी आले.

“खरं सांगू का बाई, राग मानू नका,” ते म्हणाले. “आधी तुमी गुळाचंच शिकवत हुता. म्या म्हणायचो, ह्यात काय हाय, ह्ये तर आमचा गुळव्या बी सांगतो. आता पोरीची वही बगितली. येक अक्षर लागत न्हाय. तिला बी लागत न्हाय. शिक्शान म्हंजी असं पायजे.”

सारजाबाईंनी शेंगा घेतल्या. घरचंही बरं चाललं होतं. पूर्वी गुऱ्हाळावरून यायला अंधार पडे. आता त्या चारला घरी. छबूला हातानं भरवून व्हायचं. वाईट शिकवायला तयारी लागत नाही, याचा शोध तेव्हा त्यांना लागला, आणि तो त्यांनी शनिवारच्या अहवालात लिहिला नाही.

सहामाहीत तेवीस नापास झाले. प्राचार्यांनी पेढे मागवले आणि मग यादी पुन्हा पाहिली. जयवंता पास झाली होती. वर्गात काही कळेना, तेव्हा ती आपल्या पायांनी गुऱ्हाळावर जाऊन बसली होती आणि गुळव्याला विचारून घेऊन आली होती.

“अवनतीला एवढं एक छिद्र राहिलंय,” प्राचार्य म्हणाले. “निरीक्षक नेमकं तिथंच बोट घालतील. म्हणतील, एक पास होते म्हणजे शिकवतात. तराजू जाईल, वर्ग जाईल, आणि ही पोरगी तरी कुठं शिकणार मग? तिच्याच भल्यासाठी तिचा पेपर पुन्हा तपासा.”

सारजाबाईंनी तो दोनदा तपासला. दुसऱ्यांदा तपासताना सगळी उत्तरं विद्यार्थिनीनं स्वतःच्या शब्दांत लिहिल्याचं आढळून आलं. त्याबद्दल बावीस गुण कापण्यात आले.

जयवंता पेपर घेऊन प्रयोगशाळेत आली. ती रडली वगैरे नाही.

“बाई, चुकलं कुठं?”

“चुकलं नाही.”

“मग?”

“पुस्तकात तसं नाही.”

“पुस्तकातलं मला कळलं न्हाय, बाई. म्हणून कळल्यालं लिहिलं.”

सारजाबाई बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या नीट करत राहिल्या. एवढा जून जाऊ दे, मग तुला सगळं पहिल्यापासून सांगते, असं त्या म्हणाल्या, आणि तेव्हा ते त्यांना खरंच वाटत होतं.

जानेवारीत निरीक्षक आले. त्यांनी वर्गाला सोळा प्रश्न विचारले आणि एकाचंही उत्तर आलं नाही. इतका निर्मळ वाव जिल्ह्यात दुसरीकडं पाहण्यात नाही, असा शेरा त्यांनी लिहिला. मार्चमध्ये बारामती स्टेशनात पेटी उतरली. दत्तोबानं ती एस.टी.त मांडीवर धरून आणली. वाटेतल्या खड्ड्यांना त्यानं ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही. पेटी उघडली. काचेच्या घरातला, पितळी दांडीचा, फुंकर मारली तरी हलणारा तराजू. सारजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी वजनं शोधली.

वजनं नव्हती. सोबत पत्र होतं. ‘वजनांचा संच दुसऱ्या हप्त्यात, पुढील वर्षी, सुधारणेस वाव कायम असल्याची खात्री झाल्यावर पाठविण्यात येईल. दरम्यान अध्यापनात सुधारणा झाल्याचे आढळल्यास तराजू परत घेण्यात येईल.’

मान्यता समिती आली, तिच्या रकान्यात ‘तराजू आहे काय’ एवढंच होतं. आहे. वर्ग वाचला.

सारजाबाई सोमवारपासून चांगलं शिकवायला लागणार होत्या. तो सोमवार एका वर्षानं पुढं गेला, कारण तराजू परत गेला असता. वर्षानं वजनं आली आणि संचात चिमटा नव्हता. बोटांनी उचललेलं वजन खोटं होतं, तेव्हा चिमट्यासाठी आणखी एक वर्ष. तेवढ्यात त्या कायम झाल्या, विभागप्रमुख झाल्या, आणि विद्यापीठाच्या परिषदेत ‘अध्यापनसुधार: एक अनुभव’ या विषयावर त्यांचं भाषण झालं. ते कोणालाच कळलं नाही. ते छापण्यात आलं.

जयवंता त्या वर्षी वार्षिक परीक्षेतही बसली. पुस्तकातल्या शब्दांत लिहायचं तिनं ठरवलं होतं, आणि ती रीतसर नापास झाली. गेणूबांनी तिला घरी बसवलं. बाईंना त्यांनी बोल लावला नाही. विषयच तसा अवघड, पोरीची कुवत न्हवती, असं ते चार माणसांत सांगत. पुढं मॅट्रिकच्या दाखल्यावर ती इंदापुरातच प्राथमिक शाळेत मास्तरीण लागली.

साठच्या जूनमध्ये छबूला शाळेत घालायची वेळ आली. गावात शाळा दोन. सारजाबाईंनी दोन्ही स्वतः पाहायच्या ठरवल्या. पोरीच्या बाबतीत त्या कोणाच्या सांगण्यावर जात नसत.

पहिल्या शाळेत वर्ग वर्गात नव्हताच. तो अंगणात चिंचेच्या झाडाभोवती सुतळी घेऊन पळत होता. जयवंता मध्ये उभी. झाडाची सावली मोजून झाडाची उंची काढायची असा बेत होता, आणि एका पोराचं म्हणणं होतं की सकाळी सावली लांब होती, म्हणजे झाड दुपारी बुटकं होतं. त्यावरून दोन तट पडले होते. छबू आईचं बोट सोडून त्यांच्यात गेली आणि तिनं बुटक्या झाडाची बाजू घेतली.

जयवंतानं पाहिलं. पदराला हात पुसत ती पुढं आली, वाकून पाया पडली.

“बाई, छबूला हितं घालताय?”

“बघतेय. अनुदान आहे का गं तुमच्या शाळेला?”

“न्हाय बाई. दोनदा अर्ज केला. वाव न्हाय म्हणत्यात.”

समोर काय चाललंय ते त्या अंगणात सारजाबाईंइतकं कोणालाच कळत नव्हतं. मग त्यांनी छबूला हाक मारली. छबू येईना, तेव्हा उचलून घेतली.

दुसऱ्या शाळेत शांतता होती. कुलूपबंद कपाटात पृथ्वीचा गोल होता, भिंतीवर तीन निरीक्षकांचे शेरे चौकटीत होते, आणि पोरं हाताची घडी घालून असं काहीतरी म्हणत होती की ते त्यांनाही कळत नव्हतं. हेडमास्तरांनी खुर्ची दिली. सारजाबाईंनी प्रवेशाचा अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. शेवटी पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता.

त्यांना नावं ठेवायला वाचकांनी मुळीच संकोच करू नये. आपण आपली पोरं या दोहोंपैकी कुठल्या शाळेत घातली आहेत, तेवढं फक्त आधी घरात विचारून घ्यावं.