पंचेचाळीस अंशांचा गोल

फुटबॉल खेळणाऱ्या पोराला प्रक्षेप्य गती शिकवायची म्हणजे सुगरणीला भाकरी थापायला शिकवण्याइतकं सोपं, असं नृसिंह सरांचं ठाम मत होतं. ते त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवलं होतं. चहा आणणाऱ्या शिपायालासुद्धा!

निमित्त होतं आकारामचं. मंगळवार पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा हा गडी मैदानावर वाघ, पण प्री-डिग्रीच्या फिजिक्समध्ये दोनदा आपटलेला. त्याचे वडील पिराजी नेसरीहून एस्टीनं थेट कॉलेजात येऊन धडकले.

"मास्तर, औंदा ह्यो गचकला की गावाकडं न्हेनार बगा. म्हसरं वाट बगाय लागल्यात."

"पिराजीराव, घोर सोडा! फेकलेली वस्तू कशी जाते आणि कुठं पडते, एवढंच तर आहे. हा रोज तेच करतो. मी याला मैदानावरच शिकवतो. पास झाला नाही तर माझं नाव बदला!"

दुसऱ्या दिवशी सर फळ्यावरचा भला मोठा लाकडी कोनमापक काखेत मारून मैदानावर हजर.

"आकाराम, चेंडूच्या वेगाचे दोन भाग कर. एक आडवा, एक उभा. आडव्याला कुणी अडवत नाही, उभ्याला पृथ्वी खाली ओढते. कळलं?"

"कळलं की!"

"मग मार."

आकाराम धावत आला आणि चेंडूजवळ येऊन खिळल्यासारखा थांबला. आजवर डोळे झाकून मारणारा पोरगा, त्याला आता एका चेंडूत दोन वेग दिसायला लागले.

"सर, आदी आडवा मारू का उभा?"

तोवर दुसऱ्या पोरानं चेंडू पळवला होता. संघाचे वस्ताद केरबा कपाळाला हात लावून ओरडले, "ओ सर! चांगलं मारत हुतं की पोरगं! त्याला इचार कराय कशाला लावताय?"

"वस्ताद, विचारानंच गोल होतो!"

आठवड्याभरात अख्ख्या संघाला विचाराची लागण झाली. गोलकीपर बाळासो तर म्हणाला, "चेंडूची कमाल उंची काढल्याबिगार मी उडीच मारणार न्हाय." सर धन्य झाले. इतका अभ्यासू वर्ग त्यांना कधी मिळालाच नव्हता!

फायनलला सगळी पेठ लोटली होती. दोन्हीकडं शून्य, वेळ संपत आलेला, आणि मंगळवार पेठेला फ्री किक मिळाली! गोल अगदी हाकेच्या अंतरावर. आकारामनं चेंडू ठेवला, मान वर केली आणि गर्दीत सरांना हुडकून काढलं.

"सर, किती अंश?"

सरांचा ऊर भरून आला. चालू सामन्यात विद्यार्थी शंका विचारतोय! आता परीक्षेत दर वर्षी हमखास येणारा कोन कुठला? सर बाकावर चढून गरजले, "पंचेचाळीस! पल्ला जास्तीत जास्त!"

आकाराम गुरूचा शब्द खाली पडू देणारा नव्हता. त्यानं हाणला. चेंडू गोलावरून गेला, प्रेक्षकांवरून गेला, भिंतीवरून गेला आणि बाहेर मिसळवाल्याच्या लाल कटाच्या पातेल्यात जाऊन पडला. टाळ्या एकट्या सरांच्या!

"अचूक! एक अंश इकडं नाही, तिकडं नाही!"

"सर, गोल हिकडं हुता!" केरबा किंचाळले.

समोरच्यांनी लगेच गोल मारून सामना खिशात घातला. सर ज्या वेगानं मैदानातून सुटले, तो सगळा आडवाच होता. फाटकात पिराजी उभे. सामना बघायला गावाहून आलेले ते त्याच मिसळवाल्याकडं खायला थांबले होते, त्यामुळं धोतरापासून फेट्यापर्यंत लालभडक.

"मास्तर, तुमचं शिकिवणं अंगावर आलं बगा. नेऊ का पोराला?"

"परीक्षा होऊ द्या, पिराजीराव! पाया पक्का झालाय त्याचा!" सर पळता पळता म्हणाले.

आणि काय सांगावं, आकाराम पास झाला! तो एकटाच नव्हे, पेठेतली झाडून सगळी पोरं फिजिक्समध्ये पास. प्राचार्य दत्तोपंतांनी स्टाफरूममध्ये सरांची पाठ थोपटली. पिराजी पेढे घेऊन आले, मागं आकाराम. सरांना आता जमीन दिसेना.

"आकाराम, सांग यांना! प्रक्षेप्य गतीचं उदाहरण कसं सोडवलंस?"

आकाराम पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला.

"त्यो धडा ऑप्शनला टाकला, सर."

"टाकला?"

"समद्यांनीच टाकला. फायनलला पेठेनं बगितलं न्हवं का, त्यात हात घातला की गचकलाच! मग त्येवढा धडा सोडून बाकी पुस्तक घोकून काडलं सगळ्यांनी. तुमचे लई उपकार झाले, सर!"

सरांनी स्टाफरूममध्ये कुणाकडंही न बघता एक पेढा उचलला.

"पेढे ताजे आहेत," ते म्हणाले.