फाटकावरचे तीन बार

इंजिनाचा जोर वाढवणं ही काही जादू नाही, साधं पदार्थविज्ञान आहे, असं मी खुशालरावांना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा मला मोटार चालवताही येत नव्हती. त्याची मला अडचण वाटली नाही. चंद्राचं वजन काढणारे तरी कुठे चंद्रावर जाऊन आले आहेत?

मी नागपूर विद्यापीठाचा बी.एस्सी., पहिला वर्ग. अमरावतीच्या ज्या कॉलेजात मला फिजिक्सच्या डेमॉन्स्ट्रेटरची जागा हवी होती, त्याच्या मंडळाचे सेक्रेटरी खुशालराव. जिनिंग त्यांचं, प्रेसिंग त्यांचं, कॅम्पातला बंगला त्यांचा आणि बंगल्याच्या दारातली लाल रंगाची, दोन माणसांची जपानी स्पोर्ट्स मोटारही त्यांचीच. मायदेशी परत चाललेल्या एका जपानी इंजिनिअरकडून त्यांनी ती मुंबईत विकत घेतली होती. तो इंजिनिअर बेताच्या अंगाचा असावा. खुशालराव तिच्यात बसले की रुईची गाठ टोपलीत कोंबल्यासारखी दिसे.

मी प्रमाणपत्रं पुढे केली. त्यांनी ती न बघताच बाजूला ठेवली.

"फिजिक्स म्हंजे यंत्राचंच ना, बाबू?"

"यंत्राचंही असतं, भाऊसाहेब."

"मंग सांग मले. माही गाडी जपानची, शर्यतीची. जानरावची गाडी म्हंजे लढाईच्या आंधीची अमेरिकन, मांगं सरकीचे पोते टाकेल. अन् मूर्तिजापूरच्या अल्याड ते मले मांगं टाकून गेली. काहून?"

जानराव म्हणजे अकोल्याचे तेलगिरणीवाले, खुशालरावांचे साडू. एका घरच्या दोन मुली दोघांनी केल्या होत्या, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी शर्यत लावूनच जगत होते. एकाने आंब्याची बाग घेतली की दुसरा संत्र्याची घ्यायचा.

"जाता जाता हात दाखवला त्यानं," खुशालराव म्हणाले. "ते बी सोसलं असतं. पण मांगच्या काचेतून साळी हासली."

मी समजावून सांगितलं. इंजिन म्हणजे हवेचा पंप. हवा जास्त आत घेतली आणि धूर लवकर बाहेर सोडला की जोर वाढतो. मुंबईला शर्यतीच्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, ते बसवायचे.

"किती वाढन जोर?"

"तीस टक्के."

हा आकडा मी कुठून आणला, मला माहीत नाही. आकडा सांगितला की समोरचा गप्प होतो, एवढं मात्र चार वर्षांच्या शिक्षणात शिकलो होतो.

"साडूले मांगं टाकून दे," खुशालराव म्हणाले, "अन् जागा तुयीच समज. मुलाखत काय, नावालेच राह्यते."

आमचं घर म्हणजे रेल्वेचं क्वार्टर, बडनेऱ्याच्या पुढे अकोला रोडवरच्या फाटकाजवळ. त्या फाटकावर माझे वडील, बुधाजी तायडे, गेटमन. छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परतताना गाडीतच त्यांनी ठरवून टाकलं होतं की या पोराच्या हातात झेंडी येऊ द्यायची नाही. माझी जागा म्हणजे त्यांच्या दहा वर्षांच्या रात्रपाळ्यांचा हिशेब होता.

"मास्तराच्या नोकरीले मोटार दुरुस्त करा लागते काय?" माझी आई, सुंदराबाई, विचारू लागली.

"परीक्षाच हाय ते," वडील म्हणाले. "तुले नाई समजत."

सामान रेल्वेने बडनेऱ्याला उतरलं. मोठ्या तोंडाचे दोन कार्बोरेटर, हवा गाळायच्या चाळणीऐवजी त्यांना बसवायच्या पितळी तुताऱ्या आणि सायलेन्सर नसलेला सरळसोट धुराचा पाइप. वडिलांनी ती पेटी खांद्यावर टाकून आणली आणि "वजनाले चांगलं हाय" असं प्रमाणपत्र दिलं. कॉलेजच्या लायब्ररीतलं एक इंग्रजी मासिक मडगार्डवर उघडं ठेवून मी सगळं बसवलं. पेट्रोल सोडणारं छिद्र केवढं असावं, त्याला जेट म्हणतात, तेही मी गणित करून काढलं आणि मग, कमी पडायला नको म्हणून, एक माप मोठं घेतलं.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा शेजारच्या वकिलांचा अशील खुर्ची आडवी करून पळाला. कॅम्पातल्या म्हशींनी दूध चोरलं. माणिकबाई, म्हणजे खुशालरावांच्या पत्नी, देवघरातून बाहेर आल्या, गाडीकडे पाहिलं आणि परत देवघरात गेल्या.

"आता वाटते मोटार," खुशालराव म्हणाले.

एकच दोष राहिला. जोरात चालत्या इंजिनाचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागच्या पाइपातून बंदुकीसारखा बार निघे. कारण सरळ होतं. जेट मोठा, त्यामुळे पेट्रोल जास्त. न जळालेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात जाऊन पेट घेई. उपायही सरळ होता. लहान जेट बसवायचा, अर्ध्या तासाचं काम. मी तसं सांगितलं.

"हात नको लावू," खुशालराव म्हणाले. "खरी मजा तिथीच हाय."

आणि मी, पहिल्या वर्गाचा बी.एस्सी., "ठीक आहे, भाऊसाहेब" म्हणालो. एखादी चूक पूर्णपणे समजून घेऊन ती तशीच ठेवणं, याला विज्ञानात काय म्हणतात मला ठाऊक नाही. नोकरीच्या जगात याला समजूतदारपणा म्हणतात.

रविवारी जानराव सहकुटुंब जेवायला आले. पुरणपोळ्या झाल्या, पान झालं, आणि ते अकोल्याला निघाले. खुशालरावांनी त्यांना मुद्दाम पुढे जाऊ दिलं. मग आम्ही निघालो. मी शेजारी, हातात स्क्रू ड्रायव्हर. बडनेऱ्याच्या अलीकडेच आम्ही अमेरिकन गाडीला मागे टाकलं. जोर नेमका किती टक्के वाढला ते मोजता आलं नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. खुशालरावांनी हात दाखवला. साळी हसली नाही, असं ते ओरडून मला सांगत होते.

बडनेरा गेलं आणि समोर फाटक बंद. वडिलांचंच फाटक. बडनेऱ्याहून सुटलेली मालगाडी रमतगमत येत होती आणि वडील गेटमनच्या गुमटीसमोर हिरवी झेंडी धरून ताठ उभे होते. आमच्या मागे बैलगाड्यांची रांग लागली. एवढ्यात जानरावही पोचले. त्यांनी गाडी आमच्या बाजूला आणून लावली आणि काच खाली केली.

"काय साडूभाऊ, फाटकावरून उडत नाई काय तुमची जपानी?"

खुशालरावांची मान लाल झाली. गाडी जागेवर उभी, समोर फाटक, उत्तर द्यायला दुसरं साधन नव्हतं. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि सोडला. बार. पुन्हा दाबला, सोडला. बार. माझ्या तोंडून "भाऊसाहेब, नको" एवढं निघेपर्यंत तिसरा.

इथे रेल्वेचा एक नियम सांगायला हवा. पुढे रूळ तुटला असेल किंवा लाइनवर काही पडलं असेल, तर रेल्वेची माणसं रुळांवर फटाके बांधून ठेवतात. इंजिनाचं चाक वरून गेलं की ते फुटतात. ओळीने तीन फुटले तर अर्थ एकच, पुढे धोका आहे, थांबा. मालगाडीचं इंजिन नेमकं तेव्हाच फाटकावर आलं होतं. ड्रायव्हरने शिकवलं होतं ते केलं. ब्रेक लागले, डबे एकमेकांवर आदळत गेल्याचा आवाज पार बडनेऱ्यापर्यंत गेला, आणि गाडी रस्ता अडवून उभी राहिली.

ड्रायव्हर इंजिनातून उतरला. शेपटाकडून गार्ड धावत आला. दोघंही माझ्या वडिलांसमोर उभे राहिले.

"बुधाजी, फटाके काहून लावले?"

"म्या नाई लावले."

"तीन वाजले ना पण."

"वाजले तं खरे."

वडिलांनी लाल मोटारीकडे पाहिलं. मग मोटारीतल्या माझ्याकडे. मी अर्धवट उठलो, तोंडही उघडलं. खुशालरावांनी इंजिन बंद केलं होतं. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला, अगदी मायेने.

"बुधवारी मुलाखत हाय ना तुयी?"

मी बसलो. वडिलांनी नजर वळवून मालगाडीकडे लावली.

"मले काई माईत नाई, साहेब," ते म्हणाले.

मागचे बैलगाडीवाले सांगत होते, मोटारीचा आवाज होता म्हणून. पण ते रेल्वेचे नोकर नव्हते, त्यामुळे गार्डाने ते ऐकलं नाही.

घरी मी वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्ही सांगितलं काहून नाही?"

"सेक्रेटरीचं नाव घेतलं असतं, तं त्यानं तुले जागा देल्ली असती काय? माहं काय, चवकशी होते अन् संपते."

"दोघंबी सारखेच हुशार हा," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "आतालोक मले वाटे, पोरगाच शिकेल हाय."

सोमवारी खुशालरावांचा निरोप आला, सगळं जुनं सामान परत बसव. मी बसवलं. जुना सायलेन्सर, जुना कार्बोरेटर, जुनी चाळणी. इतकं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल. गाडी पोट भरलेल्या मांजरासारखी गुरगुरायला लागली. नवं सामान जिनातल्या भंगारात गेलं.

त्याच दिवशी वडिलांना कामावरून दूर केलं आणि मंगळवारी चौकशी अधिकारी आले. त्यांचं तर्कशास्त्र निर्दोष होतं. गेटमनच्या डब्यात जेवढे फटाके असायला हवेत तेवढे आहेत. तरीही तीन वाजले. म्हणजे गेटमनने बाहेरून मिळवलेले फटाके वापरले. डब्यातले वापरले असते तर गुन्हा साधा होता. हा गंभीर आहे.

मला राहवेना. मी साहेबांसमोर गेलो आणि न जळालेल्या पेट्रोलपासून तापलेल्या पाइपापर्यंत सगळं सांगितलं. बाहेर बाकावर बसलेले वडील मानेनेच नाही नाही म्हणत होते.

साहेब भला माणूस होता. "मोटारीतून असा आवाज निघतो? मग ऐकव मला," तो म्हणाला आणि माझ्याबरोबर कॅम्पात आला.

"या साहेब, या," खुशालराव हसत बाहेर आले. त्यांनी स्वतः किल्ली फिरवली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला. पुन्हा दाबला, सोडला. बोक्याने जांभई द्यावी एवढाही आवाज झाला नाही.

"भाऊसाहेब, तो पाइप," मी म्हणालो.

"कोनता पाइप?"

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"बापासाठी खोटं बोललास, याचं मला वाईट वाटत नाही," तो म्हणाला. "पण त्यात विज्ञानाला ओढू नये."

मग तो खुशालरावांबरोबर आत चहाला गेला.

बुधवारी मुलाखत झाली. प्रिन्सिपॉलांनी चार प्रश्न विचारले, चारही मला आले. मग मंडळातल्या एकाने कागद चाळत विचारलं, "वडील काय करतात?"

"रेल्वेत गेटमन आहेत."

"त्यांच्यावर चौकशी चालू आहे, असं कळतं."

मी खुशालरावांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते.

"नियम हाय बापा," ते शेवटी म्हणाले. "माह्या मनात तुयाविषयी काईच नाई. पण उद्या लोक म्हनतीन, सेक्रेटरीनं कोनालेबी घेतलं. चवकशीचा निकाल लागू दे, मंग ये."

निकाल उन्हाळ्यात लागला. फटाके कोणी लावले ते निष्पन्न होत नाही, गेटमनला ताकीद देऊन परत कामावर घ्यावं. वडील पुन्हा झेंडी घेऊन उभे राहिले. फक्त फाटक बदललं. आता ते धामणगावच्या पलीकडे आहेत, जिथे दिवसभरात रस्त्यावरून बैलगाडीशिवाय काही जात नाही.

तो कागद घेऊन मी बंगल्यावर गेलो. जागा भरली होती. खुशालरावांच्या बहिणीचा मुलगा, बॉटनीचा, तिसऱ्या वर्गात पास.

"प्रयोगाचं त्याले जरा जड जाते," खुशालराव म्हणाले. "तू येत जाय अन् दाखवत जाय. पुढची जागा निघन तवा तुयं नाव घ्यायले मले सोपं पडन."

मी आठवड्यातून दोनदा बंगल्यावर जातो. भाचा वाईट नाही. वर्गात दुसऱ्या दिवशी जो प्रयोग करून दाखवायचा, तो आदल्या संध्याकाळी माझ्याकडून नीट शिकून घेतो आणि मला "सर" म्हणतो. माझ्या चहासाठी त्याच्या मामांनी बाजारातून मुद्दाम नवा कप आणला आहे. तो खिडकीत वेगळा ठेवलेला असतो, घरातलं दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. "एवढा मान मामा कोणाला देत नाहीत, सर," भाचा सांगतो, आणि त्याला ते मनापासून वाटतं.

मी चहा पितो, कप विसळून परत खिडकीत ठेवतो. तेवढ्यात त्याने वही उघडलेली असते. ओहमचा नियम अजून व्हायचा आहे.