कमाल क्षमता: मांजरे चार

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी, सकाळी सव्वासात वाजता, आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून चार मांजरे जिन्याने खाली उतरवण्यात आली. एकूण वजन साडेसोळा किलो. पायऱ्या शहात्तर. हजर माणसे चार: शेजारचे नेरूरकर आबा, मी, दारात उभी राहून हसणारी माझी बायको मंगल, आणि खाली मनगटावरच्या घड्याळावर डोळे लावून बसलेला वॉचमन यादव. मी भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. वय तेव्हा चोपन्न. तोपर्यंत मी आयुष्यात एकही मांजर उचललेले नव्हते.

हे कसे घडले ते सांगायचे तर आबांच्या दारापासून सुरुवात करायला हवी.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. आबांचे दार आमच्या दारासमोर, मोजून नऊ पावलांवर. त्यांच्या नावाच्या पाटीखाली आणखी एक पाटी आहे. लिफ्टमध्ये असते तशीच, ॲल्युमिनियमची, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. तिच्यावर लिहिले आहे: ‘कमाल क्षमता: मांजरे ४. जादा भार धोकादायक.’ कुरियरवाले ती वाचतात आणि एक पाऊल मागे सरकतात. एकाने तर आमची बेल वाजवून मला हळूच विचारले होते, “साहेब, समोर आत नक्की काय आहे?”

आबा मूळचे नेरूरचे. छत्तीस वर्षे लिफ्ट बसवल्या, दुरुस्त केल्या, तपासल्या. या शहरातल्या निम्म्या इमारती त्यांना छतावरच्या मशीनखोलीकडून ओळखीच्या. पण स्वतः मात्र वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ते चार मजले जिन्याने चढतात आणि जिन्यानेच उतरतात. मी एकदा म्हटले, “आबा, तुम्हीच लिफ्टवर विश्वास ठेवला नाही तर आम्ही कुणाकडे बघायचं?”

“लिफ्टीवर इस्वास आसा रे,” आबा म्हणाले. “पण आग लागली की लिफ्ट बंद. मगे जिनोच. जिन्याची ओळख आधीपासून नको?”

त्यांचे एक ठरलेले वाक्य आहे: “आदी भार सांग, मगे बोल.” भाजीची पिशवी असो, नवा सोफा असो, मुलीचे लग्न असो, आबा आधी भार विचारतात. माझ्या मेहुण्याने घरकर्ज काढल्याची बातमी मी मोठ्या आनंदाने सांगायला गेलो, तर पगार विचारून आबा म्हणाले, “दोर बारीक आसा. संबाळून ऱ्हवाक सांग.” दोनच वर्षांत मेहुण्याला ते घर विकावे लागले. त्या दिवसापासून मंगल आबांना कुठलीही बातमी सांगायची म्हटले की दार लावून घेते.

मांजरांची नावेही लिफ्टमधलीच. लिफ्टचा वेग हाताबाहेर जाऊ न देणारे यंत्र म्हणजे गव्हर्नर. म्हणून सगळ्यांवर डाफरणारा बोका गव्हर्नर, चार किलो सहाशे. लिफ्टच्या खड्ड्यात तळाला बसवलेली स्प्रिंग म्हणजे बफर. म्हणून दिवसभर पलंगाखाली पसरलेला तो बफर, पाच किलो दोनशे. लिफ्ट वर गेली की खाली येणारे वजन म्हणजे काउंटरवेट. म्हणून इतर सगळी वर चढली की जी खाली येते ती काउंटर, तीन किलो नऊशे. चौथीचे नाव शालनकाकूंनी, म्हणजे आबांच्या बायकोने ठेवले. “एक तरी मांजर मांजरासारखं असू दे,” म्हणाल्या, आणि तिला ठकी नाव दिले. ठकी दोन किलो आठशे. ही वजने माझी नाहीत. आबा दर महिन्याला मांजरे तोलतात.

आता चार हा आकडा. तो कुठून आला हे आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत उघड झाले. त्याला सहा वर्षे झाली. कुणीतरी तक्रार केली होती की एका घरात किती मांजरे असावीत याला काही मर्यादा हवी. दुसऱ्या मजल्यावरचे शहाभाई तेव्हा अध्यक्ष होते. ते म्हणाले, “बे बस ने, आबा! एक घर, दोन मांजर. वात पूरी.”

आबा उभे राहिले. “तुमी हो आकडो खंयसून काढलात?”

“खंयसून म्हणजे? असाच काढला.”

“असोच काढलेलो आकडो मी लिफ्टीत लावलंय असतंय, तर आज तुमी हंय बसाक नसतास, शहाभाई.”

सभा हसली, पण आबा हसले नाहीत. त्यांनी पुढे येऊन रीतसर समजावून सांगितले. घरात मांजरे किती, हे जागेवर ठरत नाही. दुधावर ठरत नाही. हौसेवर तर नाहीच. आग लागली, धूर झाला, लिफ्ट बंद पडली, तर एका खेपेत घरातल्या माणसांना जेवढी उतरवता येतील तेवढीच पाळावीत. एका हाताला एक. दुसऱ्या खेपेला वर जायचे नाही, कारण वर गेलेला माणूस परत येईलच असे नाही. मांजर आपणहून आपल्याकडे आले, तरी दाराची कडी आपण लावली; मग त्याला बाहेर काढणे आपल्यावर.

“एका पिशवीत दोन घातली तर?” मागून कुणीतरी विचारले.

“घालून बघितलंय,” आबा म्हणाले. “मांजरां ऱ्हवली बाजूक, पिशवीच भांडूक लागता.”

त्यांच्या घरात माणसे दोन, हात चार, मांजरे चार. पाचवे एकदा येऊन गेले होते. त्याचे नाव टेस्ट. लिफ्टवर चाचणीसाठी जादा वजन ठेवतात तसे आबांनी त्याला पंधरा दिवस ठेवले, पाच मांजरे दोन माणसांनी तीनदा उतरवून पाहिली, तीनही वेळा एक मांजर जिन्यातच सुटले. सोळाव्या दिवशी टेस्टला आरे कॉलनीत ओळखीच्या एका तबेल्यात नेऊन सोडले. तिथे ते आता म्हशीच्या पाठीवर झोपते. हे मला ठाऊक आहे, कारण आबा दर दोन महिन्यांनी दोन बस बदलून ते बघायला जातात.

त्या सभेत ठराव झाला, आणि चिटणीस या नात्याने तो मी माझ्या हाताने लिहिला: प्रत्येक घराने आपल्या माणसांना एका खेपेत जिन्याने उतरवता येतील तेवढीच मांजरे पाळावीत, आणि तसे एकदा करून दाखवावे. इतर सोसायट्यांचे नियम मी पाहिले आहेत. कुठे ‘त्रास होऊ नये’, कुठे ‘योग्य संख्येत’. योग्य म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे आकडा आहे आणि आकड्याला कारण आहे. मला त्या ठरावाचा अभिमान वाटतो, आणि तो ज्याच्या डोक्यातून निघाला त्या माणसाच्या समोर मी राहतो याचा त्याहून जास्त.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सव्वासातला आबा आणि काकू सराव करत. आबांनी मच्छरदाणीची जाळी आणि ताडपत्री शिवून चेनच्या चार पिशव्या केल्या होत्या. काकू पुढे, दोन पिशव्या, काउंटर आणि ठकी. आबा मागे, गव्हर्नर आणि बफर. काकू पायऱ्या मोठ्याने मोजत उतरायच्या. आमच्या घरात त्या रविवारी गजर लावत नसत. “अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास” असे जिन्यातून यायला लागले की मंगल म्हणायची, “उठा, काकू पहिल्या मजल्याकडे पोचल्या.”

दीड वर्षापूर्वी, दिवाळीनंतर, काकू गेल्या. तीन दिवस ताप आणि मग न्यूमोनिया. आबांना रडताना कुणी पाहिले नाही. डिसेंबरचा पहिला रविवार आवाज न होता गेला, जानेवारीचाही. फेब्रुवारीत मी कामावर निघालो तर आबा स्टुलावर उभे, हातात रंगाची डबी. पाटीवरचा चार त्यांनी खोडला होता आणि तिथे दोन लिहिले होते.

“आबा, हे काय?”

“माणूस एक. हात दोन.”

“अहो, कोण मोजायला येणार आहे?”

आबांनी स्टुलावरून माझ्याकडे असे बघितले की मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. “तू इचारतंस ह्या, गायकवाड? ठराव कोणी लिवलो?”

दोन मांजरे काकूंच्या बहिणीकडे वर्सोव्याला जाणार होती. वाईट काही नव्हते. तिकडे दारात बोंबील वाळत असतात; मांजराला आणखी काय हवे? पण कुठली दोन, हे ठरायचे होते, आणि आबांनी त्यासाठी चिठ्ठ्या टाकायचे ठरवले. साक्षीदार म्हणून मला बोलावले. स्टीलच्या डब्यात चार चिठ्ठ्या. पहिल्यांदा गव्हर्नर आणि ठकी निघाले. आबा म्हणाले, चिठ्ठीची घडी जाड झाली होती, धरायचे नाही. पुढच्या रविवारी ठकी आणि बफर. आबा म्हणाले, डबा नीट हलवला नव्हता. तिसऱ्या वेळी ठकी निघालीच नाही. गव्हर्नर आणि काउंटर निघाले. आबांनी त्या दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा घडी करून डब्यात टाकल्या. मग म्हणाले, “काउंटर पण तिच्याच पिशवीतली रे.” आणि ती सोडतही रद्द झाली.

मी आयुष्यभर माल मोजला आहे. कुठला आकडा जुळत नाही हे मला लवकर कळते. एकवीस मार्चपर्यंत सहा वेळा सोडत निघाली आणि सहाही वेळा रद्द झाली. छत्तीस वर्षे एकही खोटा दाखला न दिलेला माणूस डब्यातल्या चार कागदांशी लबाडी करत होता. एकीकडे नियम, तो त्यांचाच. दुसरीकडे घरात उरलेले काकूंचे एवढेच. वर्सोव्याची मेहुणी ‘कधी पाठवताय’ म्हणून दर शनिवारी फोन करत होती.

मी घरी येऊन मंगलला म्हटले, “आपल्याकडे मांजर नाही.”

“नाही. आणि नकोच.”

“म्हणजे माझे दोन्ही हात रिकामे आहेत.”

“तुमचे रिकामेच असतात,” ती म्हणाली. “जा, विचारा त्यांना.”

आबा एकदम तयार झाले नाहीत. “आदी भार सांग. तुज्या घरची माणसां? पयली तेंका उतरव.”

“घरात दोघंच. मुलगी नाशिकला. मंगल आपल्या पायांनी उतरते, आणि माझ्यापेक्षा लवकर उतरते.”

“अंतर?”

“दारापासून दार नऊ पावलं. एक किल्ली माझ्याकडे राहील.”

“आणि कामावर असलंस तर?”

“तेव्हा मंगल आहे. तिचा उजवा खांदा दुखतो, पण ठकी दोन किलो आठशेच आहे आणि काउंटर चारच्या आत. मी तिला तांदळाच्या पिशव्या देऊन बघितलंय.”

तांदळाचे ऐकून आबा पहिल्यांदा हसले. तरी चाचणी झालीच. आठ दिवस मी रोज संध्याकाळी दोन पिशव्यांत चार-चार किलो गहू घेऊन जिना उतरलो. शहाभाई दारात येऊन म्हणायचे, “अरे गायकवाड, गिरणी त्या बाजूला आहे ने!” आणि मग आला तो एप्रिलचा पहिला रविवार.

मी पुढे, काकूंच्या पिशव्या घेऊन. मुठीखाली काकूंनी जुन्या साडीची पट्टी गुंडाळली होती, ती हाताला लागली. ठकी गप्प होती; काउंटरने जाळीतून माझ्या मनगटावर तीन ओरखडे काढले. तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळे ठीक. मग मागची पावले थांबली. वळून बघितले तर आबा दोन पिशव्या घेऊन पायरीवर उभे, डोळे मिटलेले. मला वाटले, छातीत काही झाले.

“आबा?”

“धुरात दिसाचा नाय,” ते म्हणाले. “मी डोळे मिटूनच उतरतंय. ती मोठ्यान मोजी. तेच्यार मी चलंय.”

कितव्या पायरीवर आहोत ते मला माहीत होते. मी मनात मोजतच होतो. “एकोणीस,” मी म्हटले. पाऊल वाजले. “वीस.” पाऊल वाजले. पहिल्या मजल्याजवळ माझा आवाज नीट मोकळा झाला, आणि वरून मंगलने जिन्यात वाकून ओरडून सांगितले, “काकूंइतकं मोठ्याने नाही हां अजून!” शहात्तरला यादव उठून उभा राहिला. “चार मिनट, दस सेकंड, आबा.”

“सावकाश आसा,” आबा म्हणाले. “पण चलात.”

त्याच दुपारी पाटीवर पुन्हा चार आला. वर्सोव्याला फोन गेला की कुणी येत नाही. आता दर पहिल्या रविवारी मी मोजतो, आणि खालच्या मजल्यावरची माणसे त्यावर उठतात असे ऐकतो.

एवढे झाल्यावर आबा म्हणाले की फुकट देखभाल ही देखभालच नव्हे. वर्षाचा करार हवा आणि मोबदला हवा. मी नको म्हणत होतो, पण करार झाला. त्याप्रमाणे पहिल्या सरावाबद्दल देण्यात आले ते असे: तळलेले बांगडे दोन, मला, आबांच्या हातचे, मीठ जरा जास्त. पैकी एकाचे डोके आबांच्या सांगण्यावरून ठकीला.