जांभळ्या काठाच्या शेंगा

पौष लागला की आमच्या शेजारच्या परसात वांगी सदरे घालून उभी राहत. मिरच्यांवर जुनं धोतर, टमाट्यांवर उपरणं आणि पपईच्या अंगात चक्क काळा कोट. कपडे सगळे काकाजींचे. ते स्वतः नुसत्या बंडीवर कुडकुडत फिरत आणि वर मलाच सुनावत, "तुमाले कायची थंडी वाजते जी मास्तर? थंडी झाडाले वाजते. त्याले उठून शेकोटीपाशी बसता येते काय?"

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आसपास मी बदली होऊन बाभुळगावच्या शाळेत आलो. काकाजींचं घर भिंतीला भिंत लागून. पूर्वी ते कापसाच्या जिनात मुकादम होते. घरात एकटेच. मी येण्याच्या तीन वर्षं आधी काकू गेल्या, तेव्हापासून त्यांचं बोलणं बहुतेक झाडांशीच. सकाळी एकेकाचा सदरा काढताना "झोप लागली न बाप्पा?" अशी चौकशी चाले. बाजारच्या भाजीला त्यांच्या घरात मज्जाव होता. "कोनाच्या हातची, काय ठाव," एवढं म्हणून ते विषय संपवत.

या परसाचा राजा म्हणजे वालाचा वेल. काकूंनी लावलेला. त्याच्या शेंगांना जांभळा काठ असे. भोगीच्या सकाळी गल्लीतल्या बाया सुगडात घालायला याच शेंगा न्यायच्या, हा काकूंच्या वेळचा रिवाज. काकू गेल्यावरही बाया येत राहिल्या. वर्षभर त्या घरात माणसाचा आवाज म्हणून व्हायचा तो त्या एका सकाळी. काकाजी आठवडाभर आधीपासून अंगण सारवून घेत आणि मला रोज विचारत, "भोगी कितव्या दिवशी जी?" तारीख त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असे.

त्या वर्षी भोगीला पाच दिवस असताना हिव पडलं. सकाळी पाहतो तो सदरे घातलेली वांगी शाबूत आणि वेल उकडून काढल्यासारखा काळा. काकाजी वेलाच्या मांडवाखाली उकिडवे बसले होते.

"दरसाली तिचं लुगडं टाकतो याच्यावर," ते म्हणाले. "यंदा इरून गेलं होतं. फाटन म्हनून पेटीतच ठेवलं. लुगडं वाचवलं मी, मास्तर."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"आता बाया कायले येतीन?" त्यांनी विचारलं.

भोगीच्या आदल्या दिवशी काकाजी यवतमाळच्या मोटारीतून उतरताना दिसले. हातात फुगलेली पिशवी. मला पाहताच त्यांनी ती पाठीमागे धरली. संध्याकाळभर ते परसात खाटेवर चढून काहीतरी करत होते आणि मी भिंतीशी गेलो की खोकत होते.

सकाळी बाया आल्या. आमची हीही गेली. मी भिंतीवरून पाहिलं आणि हसू दाबायला तोंडात पंचा धरला. काळ्याठिक्कर वेलावर हिरव्यागार शेंगा लटकत होत्या, एकीपासून दुसरी बरोबर वीतभर अंतरावर. मुकादमाचं काम ते. प्रत्येक शेंगेला पांढऱ्या दोऱ्याची गाठ. आणि जांभळा काठ एकीलाही नव्हता.

सगळ्यांत वडील नर्मदाबाई. त्यांनी वेलाकडे पाहिलं, मग काकाजींकडे पाहिलं.

"यंदा रंग उतरला जी शेंगेचा."

"हिवानं," काकाजी म्हणाले.

"हिवाचंच काम ते," नर्मदाबाई म्हणाल्या. "पन आल्या लई."

मग त्या खाटेवर चढल्या आणि शेंगा काढू लागल्या. बाकीच्या खाली पदर पसरून उभ्या राहिल्या. कोणी हसलं नाही. काकाजी जिला तिला गुळाचा खडा देत होते आणि घरभर, परसभर नुसता बांगड्यांचा आवाज होता. माझं हसू केव्हा गेलं ते मला कळलं नाही.

बाया गेल्या. मग काकाजींनी खाट घरात नेली आणि कडी लावली. भर सकाळी त्या घराला कडी लागलेली पाहून मला फार वाईट वाटलं.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून गेली. त्या दिवशी काकाजींनी मला भिंतीवरून हाक मारली. वेलाच्या बुडाशी दोन कोवळी पानं फुटली होती.

"जित्ता हाये," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी बायांयले समजलं असन काय जी?"

"छे," मी म्हणालो.

"समजलं. नर्मदाबाईनं दोरा तोडला नाही, एकेक गाठ सोडली. घडी करून मांडवाच्या खांबाले बांधून गेली. मी मांगून पाह्यलं." खांबावर तो पांढरा दोरा अजून होता. "म्हंजे शेंगा नसल्या तरी त्या येतीन जी, पुढच्या वर्षी."

ऊन चांगलंच तापलं होतं. तरी काकाजी घरात गेले, पेटीतलं ते विरलेलं हिरवं लुगडं घेऊन आले आणि हलक्या हाताने त्या दोन पानांवर पांघरलं.