पंजाबरावांचा भिंतभर टीव्ही

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या गल्लीत टीव्ही घरोघरी होते, पण गल्ली टीव्ही पाहायची ती ताहेरच्या ओट्यावर बसून. समोरच्याच घरी रोज भरणारी ही सभा पंजाबरावांच्या डोळ्यांत सलत होती. त्यात मुलीचं, प्रतीक्षाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाला आणि अमरावतीचे व्याही त्याचा व्हिडिओ पाहायला येतो म्हणाले. पंजाबरावांनी तडक दुकान गाठलं.

पंजाबरावांचा जन्म भाजीबाजारात गेलेला. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, जेवढं मोठं तेवढं गिऱ्हाईक खूश, हे त्यांचं शास्त्र. टीव्हीही त्यांनी तसाच निवडला. तो घरात शिरेना, तेव्हा दाराची चौकट काढली. भिंतीवर मावेना, तेव्हा देव स्वयंपाकघरात गेले.

"बाबा, ताहेरचाचाच्या टीव्हीत जेवढे ठिपके, तेवढेच याच्यात हायेत," प्रतीक्षा म्हणाली. "पडदा मोठा झाला का ठिपके फाकतात. पाहुणे वाढले म्हणून वरणात पाणी टाकल्यावानी."

"पाहुणे ठिपके मोजाले येऊन राहिले का? लोकं आकार पाह्यतात!"

पाहुणे आले. व्याही देवानंदराव आणि त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई टीव्हीला गुडघे टेकतील इतक्या जवळ बसले, कारण खोलीत दुसरी जागाच नव्हती. व्हिडिओ सुरू झाला आणि पडद्यावर खुद्द सत्यवतीबाई अवतरल्या. गाल चौकोनी, नाकाला पायऱ्या.

"हे कोन व्हय?"

"तुमीच ईनबाई!" पंजाबराव अभिमानाने म्हणाले.

"मंग माह्या तोंडाची फरशी काऊन झाली? सोंग करून राहिले का जी आमचं? उठा हो! अशा घरची पोरगी नाई पाह्यजे आपल्याले."

देवानंदराव उठले. घरीही ते असेच उठत. प्रतीक्षाने हातातला ट्रे खाली ठेवला.

"मामीजी, जरा मांगं सरकून तर पाहा," प्रतीक्षा होणाऱ्या सासूला रडवेली होऊन म्हणाली.

बाई सरकल्या. नाक सुधारलं. खुर्ची दारात नेली, गाल जागेवर आले. बाहेर पंजाबरावांच्या ओट्यावर नेली, तर गळ्यातला पोहेहारसुद्धा उठून दिसला. आता बाईंना गोडी लागली. "आनखीन मांगं!" खुर्च्या गल्लीत आल्या. चौकट काढलेली असल्यामुळे पडदा तिथूनही पुरता दिसत होता. तेवढ्यात मागून ऑटोवाल्याने हॉर्न दाबला.

"बाई, रस्त्यावर काहून बसता?" ताहेरची बायको सितारा तिच्या ओट्यावरून म्हणाली. "वर या ना."

ताहेरच्या ओट्यावरून सत्यवतीबाई हुबेहूब सत्यवतीबाई दिसल्या. लग्न वाचलं. नेहमीची मंडळी जमली, सिताराने चहा केला, आणि देवानंदरावांनी दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं, "जागा मस्त हाये जी!"

"लग्नाचा व्हिडिओ बी इथूनच पाहू," बाईंनी जाहीर केलं.

रिमोट गल्लीपलीकडून चालत नव्हता. म्हणून पंजाबराव तेवढे घरात, टीव्हीजवळ उभे होते. त्यांना नुसते चौकोन दिसत होते. पोरीचं जमलं याचा आनंद होता, पण तो साजरा करायला घरात कोणी नव्हतं.

"पंजाबभाऊ," समोरून ताहेरने हाक मारली, "आवाज वाढवा ना थोडा! आन् जरा खाली बसा, तुमचं डोकं मधात येऊन राहिलं."

पंजाबरावांनी आवाज वाढवला आणि खाली बसले.